दुसऱ्या सत्राचे गणित : विद्यार्थ्यांस व पालकांस चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे शालान्त व बारावीच्या परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव झाला. त्यांच्या आईवडिलांच्या मुद्रेवरील समाधान आम्ही पाहिले आणि आम्हांसही धन्यता वाटली. अशा प्रसंगी गोड बोलावे हा शिष्टाचार होय. तथापि ज्यांनी आयुष्यभर शाळेत खडू झिजविला, त्यांस पुढच्या वर्गाची चिंता सुटत नाही. म्हणून आज आम्ही यशाच्या पलीकडे लागणाऱ्या एका चढणीविषयी बोलणार आहोत. ही चढण म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रातील कलनशास्त्र. मुले त्यास कॅल्क्युलस म्हणतात.

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉलेजच्या वर्गात आम्ही कधी बसलो नाही. मात्र सेवानिवृत्तीनंतर मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसण्याचा परिपाठ ठेविला आणि मुलांच्या पुस्तकांतून हा विषय पहिल्या पानापासून त्यांच्याबरोबर वाचला. तेव्हा विद्वत्तेने नव्हे, तर वह्या पाहून जे कळले, तेवढेच आपणांपुढे मांडतो.

शास्त्र व अभियांत्रिकी या शाखांकडे वळलेल्या आपल्या मुलांपैकी काहींचे पाऊल पहिल्या सत्रात नीट पडते आणि दुसऱ्या सत्रात अडखळते, असे आम्ही पाहिले. एका मुलीने तर कॉलेजच सोडले. बारावीला तिचे गणित उत्तम होते. ‘हिच्या डोक्यात आता हे शिरत नाही’ असा निर्णय घरात झाला आणि तो मुलीनेही मान्य केला. हा निर्णय बरोबर नव्हता असे आमचे ठाम मत आहे. का, ते समजण्यासाठी या विषयाचे अंतरंग थोडे पाहावे लागेल. ज्यांनी गणित सोडून पुष्कळ वर्षे झाली, त्यांनीही भिऊ नये. आम्ही आगगाडीपासूनच आरंभ करतो.

आपल्या रत्नागिरीच्या उत्तरेस कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा आहे. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर. गाडी ताशी ७८ किलोमीटर वेगाने एकसारखी धावली, तर ५ मिनिटांत बोगदा पार होईल. हा झाला प्राथमिक शाळेतील गुणाकार. परंतु वेग क्षणोक्षणी बदलत असेल तर दोन प्रश्न उभे राहतात. गाडी कोणत्या क्षणी कोठे होती हे ठाऊक असता त्या क्षणीचा तिचा वेग कसा काढावा, हा पहिला. आणि प्रत्येक क्षणीचा वेग ठाऊक असता एकंदर किती अंतर कापले गेले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणाऱ्या रीतीस अवकलन म्हणतात आणि दुसऱ्याचे उत्तर देणाऱ्या रीतीस समाकलन. इंग्रजीतून शिकणारी मुले त्यांस डिफरन्सिएशन व इंटिग्रेशन म्हणतात. हे दोन प्रश्न परस्परांचे उलटे आहेत, हाच या शास्त्राचा पाया होय.

या विचाराचा उगम केवळ परदेशी आहे असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणीच्या वेगाचा, विचार केलेला आहे. पुढे सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निझ यांनी या दोन प्रश्नांची सांगड घालून शास्त्र उभे केले. समाकलनाचे जे उभट, लांबट चिन्ह पाहून मुले दचकतात, ते लायब्निझने १६७५ साली प्रथम योजिले. ते बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे लांबविलेले आद्याक्षर आहे. मुलांनो, चिन्ह पाहिले की मनात ‘बेरीज’ म्हणा. अर्धे भय तेथेच जाईल.

आता दुसरे सत्रच अवघड का? विद्यापीठागणिक अभ्यासक्रम थोडाफार निराळा असतो, परंतु सामान्यतः पहिल्या सत्रात अवकलनावर भर असतो. अवकलनास नियम आहेत. गुणाकाराचा नियम, भागाकाराचा नियम, साखळीचा नियम हे पाठ असले आणि हात स्थिर असला, की पुस्तकातील कोणतीही राशी समोर येवो, उत्तर निघते. समाकलनाचे तसे नाही. ३७ ला ४३ ने गुणा म्हटले तर चौथीचे मूल १५९१ सांगेल. पण १५९१ चे अवयव पाडा म्हटले, तर मोठ्या माणसासही शोध घ्यावा लागतो. अवकलन हे गुणाकारासारखे आहे, तर समाकलन हे अवयव पाडण्यासारखे.

त्यासाठी रीती शिकवितात. सब्स्टिट्यूशन, म्हणजे अवघड राशीच्या जागी एक अक्षर घेऊन प्रश्न सोपा करणे. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, म्हणजे दोन राशींच्या गुणाकाराचे समाकलन तुकडे पाडून करणे. पार्शल फ्रॅक्शन्स, म्हणजे मोठ्या अपूर्णांकाचे लहान अपूर्णांक करणे. या रीतींची तोंडओळख बारावीत झालेली असते. पण बारावीत कोणत्या प्रकरणाखालचे उदाहरण आहे हे दिसत असते. कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेत प्रकरणाचे नाव नसते. कोणती रीत कोठे चालेल हे पाहूनच ओळखावयाचे असते, आणि ही ओळख पाठांतराने येत नाही, शेकडो उदाहरणे सोडविल्यावर येते. काही राशींचे समाकलन तर आपल्या परिचयाच्या सूत्रांत मांडताच येत नाही, हे लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात सिद्ध केले. संख्याशास्त्रातील घंटेच्या आकाराचा प्रसिद्ध वक्र हा त्यांपैकीच आहे. त्याखालचे क्षेत्रफळ आकडेमोडीने जवळपास काढावे लागते. तेव्हा एखाद्या उदाहरणापाशी अर्धा तास अडला म्हणून विद्यार्थी मंद ठरत नाही.

येथे एक सोय मात्र आहे, आणि ती जुन्या शिक्षकांस फार आवडेल. समाकलनाचा ताळा करता येतो. आलेल्या उत्तराचे अवकलन करा. मूळ राशी परत आली तर उत्तर बरोबर. आम्ही शाळेत भागाकाराचा ताळा घेत असू, तसाच हा. जो विद्यार्थी प्रत्येक उत्तराचा ताळा घेतो, त्याचे पहिल्या सत्राचे गणितही ताजे राहते.

समाकलनाचा उपयोग काय, असे पालक विचारतात. घरातील घागर घ्या. तिचे पोट फुगीर, गळा निमुळता. पाणी न ओतता तिचे घनफळ कसे सांगाल? तिचे आडवे, पातळ काप कल्पिले, तर प्रत्येक काप जवळजवळ भाकरीसारखा गोल होतो. प्रत्येकाचे घनफळ काढून सर्वांची बेरीज केली की घागरीचे घनफळ आले. शंकूचे घनफळ त्याच पायाच्या व उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते हे आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. ते तृतीयांश कोठून येते, हे या सत्रात दोन ओळींत सिद्ध होते.

दुसऱ्या सत्रात बहुधा आणखी एक प्रकरण येते, अनंत श्रेढींचे. अर्धी भाकरी, मग पाव, मग पावाची अर्धी, असे निम्मे निम्मे तुकडे अखंड घेत गेलो, तरी एकंदर एका भाकरीपलीकडे आपण जात नाही. अशा श्रेढीस अभिसारी म्हणतात. आता दुसरी श्रेढी पाहा : एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, असे पुढे. हिचीही पदे लहान होत जातात. बेरीज १० च्या वर जावयास १२,३६७ पदे लागतात. कोणासही वाटेल की ही कोठेतरी थांबेल. पण ती थांबत नाही. पुरेशी पदे घेतली तर हवी तेवढी मोठी होते. कारण साधे आहे. एक तृतीयांश व एक चतुर्थांश मिळून अर्ध्याहून अधिक. एक पंचमांशापासून एक अष्टमांशापर्यंतची चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक. त्यापुढची आठ पदे मिळूनही तसेच. अर्धे अर्धे कितीही वेळा मिळवीत गेल्यास सीमा कोठली? चौदाव्या शतकात ओरेम या फ्रेंच विद्वानाने ही युक्ती दाखविली. त्याच शतकात आपल्या केरळात माधव या गणितज्ञाने एक, उणे एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, उणे एक सप्तमांश या श्रेढीचा संबंध वर्तुळाच्या परिघाशी जोडला. हिची दहा पदे घेऊन बेरजेची चौपट केली तर ३.०४ येतात, म्हणजे ३.१४ पर्यंत पोहोचावयास पुष्कळ पुढे जावे लागते. केरळीय गणितज्ञांनी त्यासाठी शेवटी मिळवावयाचे सुधारणेचे पदही शोधून काढले होते.

मुलांनो, या प्रकरणात ‘उत्तर किती’ हा प्रश्न नसून ‘उत्तर आहे की नाही’ हा प्रश्न असतो. शाळेतील बारा वर्षांत असा प्रश्न तुम्हांस क्वचितच विचारला गेला. म्हणून गोंधळ होतो, आणि तो सर्वांचाच होतो. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांस या सत्रात बहुधा अवकल समीकरणे व दुहेरी समाकलनेही भेटतात. तेथेही नवी दृष्टी लागते, नवे डोके लागत नाही.

वह्या पाहताना आणखी एक गोष्ट आढळली. बहुसंख्य चुका कॅल्क्युलसच्या नसतातच. त्या आठवी ते दहावीच्या बीजगणिताच्या असतात. दोन अधिक तीन यांचा व्यस्त म्हणजे अर्धा अधिक एक तृतीयांश, असे शंभर ठिकाणी अक्षरांत लिहिलेले सापडते. आकडे घातले तर एक पंचमांश कोठे आणि पाच षष्ठांश कोठे! अपूर्णांक, घातांक व त्रिकोणमितीची सूत्रे दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घोटली, तर दुसऱ्या सत्राचा निम्मा भार उतरतो. मराठी माध्यमातून गेलेल्यांस इंग्रजी भाषेचाही अडसर होतो. त्यांनी वहीच्या शेवटी दोन रकाने आखावे, एका बाजूस इंग्रजी शब्द व दुसऱ्या बाजूस त्याचा मराठी अर्थ. ‘कन्व्हर्जंट’ म्हणजे अभिसारी हे कळले की सिद्धान्त अर्धा कळतो.

आजकाल भ्रमणध्वनीवर उदाहरण टाकले की पायऱ्यांसह उत्तर येते. त्यास आमचा विरोध नाही. आपण सोडवून झाल्यावर ताळ्यासाठी तो जरूर वापरावा. परीक्षागृहात मात्र तो बाहेर ठेवावा लागतो. रोज एक तास, पाच ते सहा उदाहरणे, आणि आठवड्यातून एकदा निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळून सोडविणे, एवढा नेम पुरे. शक्यतो दोघातिघांनी एकत्र बसावे. प्राध्यापकांस शंका विचारण्यास लाजू नये.

आता पालकांस विनंती. दुसरे सत्र डिसेंबरच्या सुमारास लागते व एप्रिलच्या आसपास परीक्षा येते. याच काळात आपल्याकडे शिमगा येतो, पालखी घरी येते, आंब्याची तोड सुरू होते आणि लग्नसराईही. मुलगा पेट्या भरावयास हवा, मुलगी घरच्या कार्यास हवी, हे आम्ही जाणतो. पण या विषयात आठ दिवसांची गैरहजेरी म्हणजे एक संपूर्ण रीत हातची जाणे होय. देवाच्या पालखीस एक दिवस जरूर बोलवा, पंधरा दिवस मात्र बोलवू नका. आणि एक विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो. एटीकेटी म्हणजे कपाळावरचा डाग नव्हे.

ज्या जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, त्या जिल्ह्याच्या मुलांस गणित वर्ज्य आहे असे कोण म्हणेल? त्या काळी उच्च शिक्षणासाठी घर सोडून दूर जावे लागे. रत्नागिरी शहरात गोगटे महाविद्यालय १९४५ साली निघाले आणि १९९६ पासून अभियांत्रिकीचीही सोय झाली. दार आता घराजवळ आहे; आतून माघारी फिरण्याचे कारण उरू नये एवढे पाहिले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, दुसऱ्या सत्रात एखादा विषय राहिल्यास मंडळाची शिष्यवृत्ती बंद करण्याचा आपला नियम आहे, तो बदलावा व विद्यार्थ्यास एक वर्षाची मुदत द्यावी. ज्या वेळी आधाराची खरी गरज, त्याच वेळी हात काढून घेणे आपल्या संस्थेच्या उद्देशाशी विसंगत आहे. दुसरी सूचना अशी की, आपल्या घरांत पदवीधर व अभियंते झालेले जे तरुण आहेत, त्यांनी डिसेंबर ते मार्च या महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेस द्यावी. त्यास पैसा लागत नाही. अभ्यासिकेचे दार उघडण्यास व दिवा लावण्यास आम्ही आहोतच.

कॉलेज सोडलेल्या त्या मुलीच्या घरी आम्ही या महिन्यात जाणार आहोत. सभासदांपैकी कोणी बरोबर आले तर आमचे बोलणे अधिक वजनदार होईल.