यंत्राचेही दात बघून घ्या

(पेणकरपाडा, मीरा-भाईंदर येथे कामधंद्यासाठी राहणाऱ्या कापूस-ज्वारी पट्ट्यातील कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचला जावा म्हणून छापत आहोत.)



आज मी बियाण्यावर बोलणार नाही, बोंडअळीवरही बोलणार नाही. आजचा विषय घरातला आहे. फ्रिज, मिक्सर, पंखा आणि त्यांचे हप्ते. कुणी म्हणेल, हा काय शेतकऱ्यांच्या बैठकीचा विषय झाला? मी म्हणतो, झाला. क्विंटलमागे उत्पादन खर्च किती येतो, हे आपण वही घेऊन मांडायला शिकलो. पण कापसाचा पैसा उंबऱ्याच्या आत आल्यावर कुठे जातो, हे विचारले तर निम्मी घरे गप्प बसतात. बाहेरचा हिशेब पक्का आणि घरातला कच्चा असेल, तर भाव वाढून मिळाला तरी हातात काही राहत नाही.

तुम्ही दहिसर चेकनाक्यापलीकडच्या या वस्तीत राहता. कुणी गाळ्यात काम करतो, कुणी गाडी चालवतो, कुणी राखण करतो. महिन्याला पगार येतो. गावाकडे आईबाप आणि चार-पाच एकर कोरडवाहू. आईच्या हाताला आराम मिळावा म्हणून तुम्ही इथे हप्त्यावर फ्रिज घेता आणि गावाकडे पाठवता. भावना सोळा आणे खरी. पण दोन उन्हाळे गेले नाहीत तोच फ्रिज बंद पडतो, त्यात आई कपडे ठेवते, आणि इकडे मुलगा हप्ते भरतो. हे का होते आणि कसे टाळायचे, एवढेच आज बोलायचे आहे.

दुसऱ्याच्या घरासाठी बनलेले यंत्र

एक जुनी गोष्ट सांगतो. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरी जर्मन बनावटीचा मिक्सर होता. तो बंद पडला. यंत्र वाईट नव्हते, पण ते बनले होते त्यांच्याकडच्या मऊ पदार्थांसाठी. आपल्याकडे भिजलेली डाळ वाटायची, सुके खोबरे आणि हळकुंड दळायचे. ते त्याच्या मोटारीला झेपले नाही. पत्नी माधुरीबाईंची ही अडचण पाहून माथूरांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी जोरदार मोटार घालून मिक्सर तयार केला. तोच पुढे घराघरांत पोचलेला ‘सुमीत’.

यातून घ्यायचे ते असे. यंत्र चांगले की वाईट हे दुकानात ठरत नाही. ते ज्या घरात चालणार, त्या घरात ठरते. पेणकरपाड्यात दहा वर्षे चालणारा फ्रिज गावात दोन वर्षांत का मरतो? कंपनी तीच आणि मॉडेलही तेच. फरक लाईटचा आहे.

घरगुती वीज २३० व्होल्टची असावी, त्यात सहा टक्के खालीवर, असा नियम आहे. म्हणजे २१६ ते २४४. शहरात डीपी जवळ, तारा आखूड. गावात डीपी लांब, तार बारीक, आणि हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारी चालू झाल्या की दाब १६० वर येतो. आता मोटारीचे शास्त्र असे की दाब कमी झाला तर तिचा जोर दाबाच्या वर्गाने कमी होतो. २३० चे १६० झाले की जोर निम्मा उरतो. फ्रिजचा काँप्रेसर उठायला बघतो, उठत नाही, जास्त करंट ओढतो, तापतो. असे रोज चार वेळा झाले की एक दिवस वायंडिंग जळते. अर्धपोटी बैलाला भरल्या गाडीला जुंपावे, तसलाच हा प्रकार.

दुसरे संकट उलटे आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर काही घरांत दाब तीनशेच्या वर जातो आणि आळीतले टीव्ही, पंखे, चार्जर एका झटक्यात जातात. दिवे एकदम भगभगीत झाले किंवा अगदी पिवळे पडले, तर आधी मेन स्विच खाली करा. चौकशी मग करा.

म्हणून गावात फ्रिज जाणार असेल तर त्याच्या किमतीत स्टॅबिलायझर धरूनच बोला. दोन-अडीच हजारांच्या आत तो मिळतो. पेटीवर बघा, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत तो सांभाळतो. दाब फार वाढला तर बंद होतो का, आणि लाईट गेली-आली तर तीन मिनिटे थांबून चालू करतो का, हेही विचारा. ‘याला स्टॅबिलायझर लागत नाही’ असे दुकानदार म्हणाला, तर किती व्होल्टपर्यंत लागत नाही ते कागदावर दाखव म्हणावे. आणि घराला अर्थिंग नसेल तर आधी अर्थिंग करून घ्या. यंत्र परत घेता येते, माणूस नाही.

शून्य टक्क्याचा फ्रिज

आता हप्त्याकडे येऊ. समजा, फ्रिज १८,००० चा. दहा हप्ते १,८०० चे, व्याज शून्य. फाईलचा खर्च ६००. पहिला हप्ता आजच. रोखीने घेतला तर तोच दुकानदार १६,८०० ला देतो. वही काढा.

फ्रिजची खरी किंमत १६,८००. आज तुम्ही हप्ता आणि फाईल मिळून २,४०० दिले. म्हणजे कर्ज झाले १४,४०० चे. पुढे नऊ हप्ते १,८०० चे, म्हणजे १६,२००. वरचे १,८०० हे व्याजच. नऊ महिन्यांत उतरत जाणाऱ्या रकमेवर हे व्याज वर्षाला २९ टक्क्यांच्या घरात जाते. पाटीवर शून्य, खिशातून एकोणतीस.

ही माझी एकट्याची कुरकुर नाही. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज ही गोष्ट अस्तित्वात नाही, ते व्याज दुसऱ्या नावाने लपवलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना तर नियम आहे की बँकेने आणि फायनान्स कंपनीने सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका कागदावर लिहून द्यायचा, आणि तोही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. तो कागद मराठीत मागा. मोबाईलवर अंगठा टेकवण्याच्या आधी मागा.

हेच आता कापसात मोजू. २०२५-२६ हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. वरवर पाहता १६,८०० चा फ्रिज म्हणजे दोन क्विंटल कापूस. पण बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी जाऊन क्विंटलमागे हातात समजा दीड हजार उरले, तर तोच फ्रिज अकरा क्विंटलांचा होतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर जवळजवळ तीन एकरांची वर्षाची शिल्लक. आणि ते ‘शून्य टक्क्या’चे १,८०० रुपये म्हणजे सव्वा क्विंटल कापसाची शिल्लक. आईने वाकून वेचलेला सव्वा क्विंटल.

हप्त्याला पाऊसपाणी कळत नाही

आपल्या घरात ज्वारी पोट भरते, कडबा जनावरे जगवतो आणि पैसा कापूस देतो. तो पैसा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत येतो. मृगाला बियाणे-खत, शाळेची फी, पुढे फवारणी. जून ते सप्टेंबर घरातून पैसा फक्त जातो. हप्ता मात्र बाराही महिने येतो. पाऊस पडला का, वेचणी झाली का, हे तो विचारत नाही. पगारदाराच्या पंचांगावर बसवलेला हप्ता आपण शेतकऱ्याच्या पंचांगात घालतो आणि मग ऑगस्टचा हप्ता चुकला की दंड, दंड भरायला हातउसने, आणि पीककर्ज फेडायला ठेवलेल्या पैशाला हात. पीककर्ज वेळेत फेडले तर व्याजात सवलत मिळते. ती फ्रिजपायी गेली, तर फ्रिजची किंमत आणखी वाढली असे समजा.

सालगडी उचल घेतो आणि वर्षभर ती फेडत राबतो, हे आपण पाहिले आहे. हप्ता म्हणजे न आलेल्या पिकावर आपणच घेतलेली उचल.

मग काय करावे? पहिला नियम, गावातल्या घराने कापसाच्या पैशातून रोखीने घ्यावे, नाहीतर थांबावे. दुसरा नियम, हप्ता घ्यायचाच असेल तर तो पेणकरपाड्याच्या पगारावर असावा आणि फेब्रुवारीच्या आत संपावा. तिसरा नियम, दोन्ही घरांची वही एक असावी. इथे मुलगा हप्ता भरतो हे बापाला माहीत नाही आणि तिथे बापाने बियाण्यासाठी काढलेले कर्ज मुलाला माहीत नाही, अशी घरे दोन्हीकडून गळतात.

काय घ्यावे, कुठे घ्यावे

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. तो खातो किती आणि आजारी पडला तर गावात औषध देणारा आहे का, याचाही विचार करतो. यंत्राचा चारा म्हणजे वीज आणि त्याचा वैदू म्हणजे मिस्त्री.

चाऱ्याचा हिशेब लेबलवर छापलेला असतो. ताऱ्यांचे हे लेबल २००६ साली सुरू झाले. तारे मोजू नका, वर्षाला किती युनिट ते वाचा, आणि लेबलचे सालही बघा, कारण तारे देण्याची कसोटी अधूनमधून कडक होते. समजा एक फ्रिज वर्षाला २२० युनिट खातो, दुसरा १४०, आणि दुसरा ३,००० ने महाग आहे. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ६४० वाचतात, महागाई पाचव्या वर्षात फिटते. पण फ्रिज तिसऱ्याच वर्षी जळाला तर तारे कुठे गेले? म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग तारे.

पंख्याचे तसेच. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज बारा तास, वर्षात आठ महिने चालला तर १३० युनिट, म्हणजे हजार रुपये वाचतात. हिशेब फायद्याचा आहे. पण साध्या पंख्याचे वायंडिंग तालुक्याचा मिस्त्री भरून देतो, नव्याचे कार्ड गेले तर कार्डच आणावे लागते. ते कार्ड तालुक्यात मिळते का, हे आधी विचारा.

कंपनी मोठी म्हणून सुटे भाग कायम मिळतील, असेही नाही. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. मराठवाड्यातल्या किती घरांत तिचे टीव्ही आणि वॉशिंग मशीन गेले! जून २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कंपनी अडचणीत आली की हातातल्या वॉरंटी कार्डाचाही जोर जातो. तेव्हा कामाला येतो तो जवळचा मिस्त्री.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, यंत्र जिथे चालणार तिथल्या तालुक्यात घ्यावे. इथून टेंपोत घालून पाठवू नये. पैसे इथून पाठवा, वस्तू तिथे घ्या. पक्के बिल घ्या. वॉरंटी फक्त काँप्रेसरची की सगळ्याची, गॅस भरणे आणि मजुरी त्यात येते का, हे वाचून घ्या. आणि तरीही फसलात तर गप्प बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आता वस्तू कुठेही घेतलेली असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

क्रम कसा लावावा, हे घरातल्या बाईला विचारा. पाणी शेंदणे, वाटणे, दळण डोक्यावर नेणे, हे तिचे तास आहेत आणि ते कुठल्याच बिलात दिसत नाहीत. वेचणीच्या दिवसांत तिचा एक तास वाचवणारे यंत्र आधी यावे. शोभेचे नंतर.

या हंगामात करायची तीन कामे

एक. प्रत्येक घराने वहीचे एक पान यंत्रांना द्यावे. कधी घेतले, कितीला, दुरुस्तीला किती गेले. यंत्राच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला बांधावा.

दोन. गावात चारशे-पाचशे रुपयांचा एक मीटर मिळून घ्यावा. संध्याकाळी सातला, सलग पंधरा दिवस दाब मोजून तारखेसह लिहावा आणि सगळ्यांच्या सह्यांनी महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी. वीज नियामक आयोगाने अशा तक्रारीला मुदत ठरवून दिली आहे आणि ती न पाळल्यास भरपाईची तरतूद केली आहे. ‘लाईट कमी येते’ असे तोंडी सांगितले तर साहेब मान हलवतो. पंधरा दिवसांचे आकडे समोर ठेवले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

तीन. एकाच गावच्या पाच-दहा घरांना तीच वस्तू हवी असेल तर मिळून भाव करावा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये स्थापन झाली, आणि शेजारच्या घरांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेण्याची रीत तिने रुजवली. किराण्याला जे जमते ते फ्रिजला का जमू नये? कापूस विकताना आपण एकएकटे जातो म्हणून नाडले जातो. निदान विकत घेताना तरी एकत्र जाऊ.