युद्धकाळची नभोवाणी व आमचे वादकबंधू
(धर्मग्राम-महोत्सवाच्या सायंसभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव मंडळाने आम्हांस संगीतावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही पवित्र गायनाविषयीच बोलू असे सर्वांनी गृहीत धरले असेल. परंतु आज आम्ही नाचाच्या संगीताविषयी बोलणार आहो. धर्मगुरूने असा विषय घ्यावा याचे नवल वाटेल. कारण ओघाने येईलच.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा रणांगणावरील शिपायास व कारखान्यात राबणाऱ्या कामकऱ्यास धीर कसा द्यावा, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला. इंग्लंडात बी.बी.सी.ने जून १९४० पासून कामकऱ्यांसाठी रोज दोन वेळा अर्ध्या अर्ध्या तासाचे वादन सुरू केले. चाल उत्साहाची असावी, पण काम सोडून ऐकत राहावे इतकी मोहक नसावी, असा त्यातला बेत. एका गाण्यात टाळ्यांची जागा होती; तेथे कामकरी हातातील अवजारेच आपटू लागतील या धास्तीने ते गाणे वगळण्यात आले! सणसवाडीच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या आमच्या तरुणांस यातले मर्म सांगावयास नको. इकडे जर्मनीचे राज्यकर्ते जॅझला हीन म्हणत, आणि त्यांचेच प्रचारखाते इंग्रज श्रोत्यांस भुलविण्यासाठी त्याच चाली शब्द बदलून वाजवीत असे. त्याच आकाशलहरींवरून व्हॅटिकनची नभोवाणी बेपत्ता माणसांसाठी व युद्धकैद्यांसाठी संदेश वाचून दाखवीत होती. १९४० ते १९४६ या काळात अशा संदेशांची संख्या बारा लाखांवर गेली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ सालचे. युद्धकाळी तेथील पाश्चात्य संगीताची धुरा वॉल्टर कॉफमन या यहुदी संगीतकाराकडे होती. ते १९३४ साली युरोप सोडून मुंबईस आले होते. आकाशवाणीची प्रभातधून त्यांचीच, असे मानतात. पश्चिमेच्या चाली अशा हवेतून येत होत्या, आणि सैनिकांनी भरलेल्या मुंबईत त्या प्रत्यक्ष वाजविणारे हात बव्हंशी गोमंतकीय कॅथोलिकांचे होते. ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘शिक चॉकलेट’ या नावाने तुतारी फुंकीत, आणि लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कलकत्त्यास टेडी वेदरफर्ड हे अमेरिकन निग्रो पियानोवादक सैनिकांचे मन रिझवीत होते. ते १९४५ साली तेथेच पटकीने वारले.

एवढे वादक आले कोठून? बंधुभगिनीहो, ते देवळातून आले. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त मुलांना सोल्फा घोकून घेई, छडीखाली व्हायोलिन शिकवी, आणि वेदीसमोर गाऊन घेई. म्हणून विलायतेहून आलेला स्वरलेख समोर ठेवताच ही मुले तो धडाधड वाचू शकत. मिस्सेसाठी दिलेली विद्या नाचघरात पोट भरू लागली. यात विद्येचा अपमान झाला असे आम्हांस पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही.

युद्ध सरले, गोरे सैनिक गेले, मुंबईत दारूबंदी आली, नाचघरे ओस पडली. मग हेच वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. आपल्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त शिक चॉकलेट यांची साथ घेतली. त्या गाण्यांवर आपले वाडवडील डोलले. परंतु मागे वाजविणाऱ्यांची नावे फारशी कोणास ठाऊक झाली नाहीत.

आता ते कारण. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पियानो व गोंगाटाची वाद्ये देवळात आणण्यास मनाई केली होती. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेस साजतील अशा इतर वाद्यांस वाट मोकळी केली. हा दुसरा लेख आम्ही गुरुविद्यालयात परीक्षेपुरता पाठ केला होता. काही वर्षांपूर्वी आमच्या गायकवृंदात तुतारी वाजविणारा एक मुलगा होता. लग्नसराईत तो वरातीच्या बँडात जाई, आणि रविवारी प्रवचनात त्याचा डोळा लागे. आम्ही त्यास सर्वांसमक्ष बजाविले, ‘वरात किंवा वेदी, एक काय ते ठरव.’ तो निमूटपणे निघून गेला. बाप अंथरुणास खिळलेला आणि त्या सुपारीच्या पैशावर घर चाललेले, हे आम्हांस पुढे त्याच्या आईकडून कळले. चूक आमची होती.

या वादकांचा वृत्तांत वाचीत असता तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी पास्काच्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्याने चहा दिला, आणि एक अट घातली: लग्नसराईत पहाटेच्या मिस्सेस त्याने आलेच पाहिजे असा आग्रह आम्ही धरू नये, तो दुसऱ्या मिस्सेस येईल. आम्ही ती मान्य केली.

आज सकाळी प्रवेशगीताच्या आरंभी आपण जी तुतारी ऐकली, ती त्याचीच. उद्या त्यास शिक्रापुरास वरात आहे. तेव्हा भोजनानंतर त्यास कोणी आग्रहाने थांबवून घेऊ नये.