मुरूम उचलण्याआधी



गेल्या दहा वर्षांत वर्धा जिल्ह्याने काय उभारले, हे कुणालाही सांगता येईल. समृद्धी महामार्ग आपल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड या 284 किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर गाडी देवळीमार्गे कळंबपर्यंत धावू लागली. प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाचे एक टोक पवनारला आहे. असा प्रत्येक रस्ता भरावावर उभा राहतो. तो भराव जिथून उचलला जातो तिथले खड्डे मात्र कुणाच्याच नकाशात सापडत नाहीत. खाणीच्या जमिनीचा पुढे उपयोग काय, यावर आज आपण बोलणार आहोत. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न खाण संपल्यावर विचारणे म्हणजे तो न विचारणेच होय. शेत, तळे, चराई की इमारत, हे परवाना देतानाच ठरले पाहिजे.

याचे कारण आपल्या जमिनीच्या रचनेत आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरूम म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा झिजून भुसभुशीत झालेला थर. काळी माती ओल धरून ठेवते, पण खाली सोडताना हात आखडते. मुरमातून मात्र पाणी वाट काढते, आणि आपल्या उथळ विहिरींना पाझर फुटतो तो बहुधा याच थरात. तेव्हा दहा-पंधरा फूट मुरूम निघाला की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी जिथे साठते ती जागाच निघून जाते. शिवाय पोकलेन काळी माती आधी बाजूला ढकलते आणि तिच्यावर गोटे, दगड पडत राहतात. ती माती वेगळी रचून ठेवली असती तर काठ उतरते करून वर पुन्हा पसरता आली असती. एकदा मिसळली की कितीही पैसे ओता, ती निवडून निघत नाही. म्हणजे पुनर्विकासाचा सर्वांत स्वस्त दिवस हा खोदकामाचा पहिला दिवस असतो.

याला पहिला आक्षेप कंत्राटदारांचा, आणि तो गैरवाजवी नाही: ब्रासमागे स्वामित्वधन भरले, आता आणखी काय? पण स्वामित्वधन ही खनिजाची किंमत आहे; जमिनीची आणि तिच्या पाण्याची भरपाई त्यात धरलेली नाही. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी याच वर्ध्यात, मगनवाडीत राहून साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था यांतला भेद मांडला होता. मुरूम हा साठा आहे, तो एकदाच विकला जातो. न्यायालयेही याच दिशेने आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे ठरवले, आणि 21 मार्च 2024 रोजी रस्त्यांसारख्या प्रकल्पांसाठी साधी माती खोदायला दिलेली सरसकट सूट रद्द केली. यामुळे रस्ता महागेल हे खरे. आजही तो खर्च होतोच, फक्त तो विहीर खोल करणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: खड्ड्यात पाणी साठले की झाले तळे! सेलू तालुक्यातल्या तामसवाड्याचे आणि बुलढाणा पॅटर्नचे नाव यासाठी घेतले जाते. पण तिथला क्रम उलटा आहे. तिथे नाला रुंद-खोल करायचा किंवा तलावातला गाळ काढायचा हे आधी ठरते, आणि निघालेली माती रस्त्याला जाते. जागा, उतार, पाण्याची आवक हे सारे पाण्याच्या हिशेबाने निवडलेले असते. मुरमाच्या खाणीची जागा निवडली जाते ती डंपरच्या सोयीने. तिचे काठ उभे, आवक नाही, आणि गुरे किंवा पोरे घसरली तर वर यायला वाट नाही. आपल्या मे महिन्यात त्या डबक्यात काय उरते, ते या सभागृहात सांगायला नको.

राहिला प्रश्न भरून प्लॉट पाडण्याचा. शहरालगतच्या खड्ड्यांत कचरा आणि बांधकामाचा राडारोडा ओतून वर लेआउट टाकण्याचा मोह वाढणार आहे. थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून न दाबलेला भराव वर्षानुवर्षे खचत राहतो. त्यात काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. औष्णिक केंद्रांची राख भरा, असेही सुचवले जाते. राख वापरायलाच हवी, पण जो थर विहिरींना पाणी देतो तिथे ती तळाला अस्तर न देता ओतणे मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. परवान्यासोबत अंतिम वापराचा नकाशा जोडावा, काळ्या मातीचा ढीग कुठे राहील ते त्यात दाखवावे, अनामत रक्कम काठ उतरते केल्यावरच परत द्यावी, आणि ठरलेला वापर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवावा. ई-क्लासच्या, गावचराईच्या जमिनीबाबत ग्रामसभेचे मत आधी घ्यावे. तिथे मुरूम स्वस्त वाटतो, कारण विकणारा आणि चारणारा एक नसतो. जुन्या खड्ड्यांना यातले काही लागू पडणार नाही. ग्रामपंचायतींनी त्यांची यादी करून पावसाळ्यानंतर पाणी किती महिने टिकते ते दोन वर्षे नोंदवावे, टिकते तिथे काठ उतरवावेत, बाकीच्यांना कुंपण घालून गवत लावावे. तलावांतला गाळ त्यांच्यासाठी मागितला जाईल, पण गाळावर पहिला हक्क शेताचा आहे. तेव्हा बहुतेक जुन्या खड्ड्यांच्या वाट्याला तो येणार नाही, हे धरूनच आजच्या सत्रांत आकडे मांडावेत.