माती आणि गादी : कै. खाशाबा जाधव

विदर्भांत जिला आमदंगल म्हणतात ती पाहावयास नागपूरकर रसिक उभा राहतो, तेव्हां त्याच्यासमोर मऊ माती असते आणि एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी झुंज असते. अशाच मातींत वाढलेल्या एका मल्लाला दूरदेशीं, गादीवर आणि घड्याळाच्या कांट्यावर कुस्ती करावी लागली. त्याचें नांव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १९२६ सालीं, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं झाला. वडील स्वतः पैलवान. पुढें कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकत असतां त्यांचें नांव गाजूं लागलें. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. मातींत पाय रोवतां येतो, दमानें डाव टाकतां येतो. गादीवर तसें नव्हे. तेथें ठराविक वेळ संपली कीं पंच निकाल देतात, आणि चपळाईला बळाइतकीच किंमत येते. या नव्या विद्येंत पहिल्याच खेपेस खाशाबा सहावे आले.

खरी कसोटी हेलसिंकीची. तेथें जाण्यास पैसा नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनीं तर राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिष्याच्या मनगटावर एवढा विश्वास टाकणारे गुरु विरळाच!

१९५२ च्या जुलैंत ५७ किलो वजनाच्या गटांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविलें. जपानच्या शोहाची इशीईशीं मात्र कुस्ती फार लांबली व अगदीं थोडक्यांत हातची गेली. दोन कुस्त्यांमध्यें विश्रांति देण्याचा नियम होता. परंतु तो बजावून सांगण्यास भारताचा कोणी अधिकारी जवळ नव्हता, आणि थकलेल्या खाशाबांना लागलीच रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभें राहावें लागलें, असें सांगतात. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच सामन्यांत कोल्हापूरचे केशव माणगावे वरच्या वजनगटांत चौथे आले. पदक एका पायरीनें हुकलें, आणि लोकांच्या स्मरणांतून नांवही गेलें.

परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीनें कर्ज फिटत नाहीं. खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नांतून गुरूंचें घर सोडविलें. त्यांच्या साऱ्या कुस्त्यांत हीच मोठी म्हणावी लागेल.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें १९५६ चें मेलबर्न हुकलें व ऑलिंपिकचें पर्व संपलें. पुढें सत्तावीस वर्षें नोकरींत गेलीं. साहाय्यक आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला.

अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. वैयक्तिक पदकासाठीं देशाला १९९६ पर्यंत थांबावें लागलें. कुस्तींतील दुसरें पदक तर २००८ सालीं, बीजिंगला आलें. २०१० मध्यें दिल्लींत राष्ट्रकुल सामने झाले, तेव्हां तेथील कुस्तीच्या सभागृहास खाशाबांचें नांव देण्यांत आलें.