लाकडास रंग देताना

लाकडास रंग देणे म्हणजे त्यावर आवरण घालणे नव्हे. तैलरंग पृष्ठभागावर बसून लाकूड झाकतो; मुरणारा रंग तंतूंत शिरून लाकडाच्या रेषा उठावदार करतो. म्हणूनच निवड चुकली तर तो पुसून निघत नाही. वरचा थर घासून वा रंध्याने काढावा लागतो.

सागास मूळचाच सोनेरी-तपकिरी वर्ण असतो. त्यास गडद रंग देणे म्हणजे त्याचे मोल झाकणे होय. शिसवीस बहुधा रंगाची गरजच नसते. देवदारासारखे मऊ लाकूड मात्र रंग असमान शोषते. त्यास आधी पातळ चपडा लाखेचा एक हात द्यावा.

तक्तपोशीवर फार गडद छटा नसावी. तीवर धूळ व ओरखडे तत्काळ दिसतात. लाखेचे पॉलिशही तेथे टिकत नाही, कारण पाण्याने ते पांढरे पडते.

छटा नेहमी त्याच लाकडाच्या, काचकागदाने घासलेल्या तुकड्यावर पारखावी; वर पॉलिश देऊन, वाळल्यावर, दिवसाच्या व दिव्याच्याही उजेडात पाहावी. तयार सामान घेणाऱ्याने खणाची आतली बाजू अवश्य निरखावी. सागाचा रंग चढविलेले हलके लाकूड तेथेच आपले खरे रूप दाखविते.