भोक चुकलं, आता काय?

मी वाशीमहून बोलतोय. मागे अधूनमधून ठोकाठोकीचा आवाज आला तर समजून घ्या, बाबांचं वेल्डिंगचं दुकान खालीच आहे.

आजचा विषय कारंज्याच्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. घरी किटमधून विमान बांधणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तो बघतो. त्यानं विचारलं, "दादा, हजारो रिव्हेट असतात म्हणे. त्यात एखादं भोक चुकीच्या जागी पडलं तर अख्खं विमान फेकायचं का?"

प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. कारण असं एक भोक माझ्या हातून पडलंय.

आयटीआय झाल्यावर मी विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून होतो. शिफ्ट संपायला वीस मिनिटं होती. एका ब्रॅकेटला शेवटची दोन भोकं पाडायची होती. घाईत मी पंच नीट मारला नाही. ड्रिल लावलं, बीट घसरलं आणि भोक कडेकडे सरकलं. किती? जेमतेम दोन मिलिमीटर. ट्रॉलीच्या पत्र्यात एवढं कोणी बघतही नाही. इथे मात्र माझ्या पोटात गोळा आला.

आधी यातलं गणित समजून घेऊ. विमानाच्या पत्र्याला एक साधा नियम असतो. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. १/८ इंचाचा रिव्हेट म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर, म्हणजे कडेपासून ६.४ मिलिमीटर तरी पाहिजे. माझं भोक साडेचारवर होतं. इतक्या कमी जागेत ताण आला की पत्रा तिथूनच फाटायला सुरुवात होते. दोन भोकांमध्येही, मध्यापासून मध्यापर्यंत, साधारण तिप्पट अंतर ठेवतात. त्यामुळे "चुकलं तर बाजूला दुसरं पाडू" हेही सरसकट चालत नाही.

मग भोक चुकलं तर करायचं काय? प्रत्येक चुकीचा इलाज वेगळा आहे.

पहिली चूक, भोक मोठं किंवा लांबट झालं. रिव्हेट ठोकला की त्याचा दांडा फुगतो आणि भोक गच्च भरतो. भोक लांबट असेल तर ते नीट भरत नाही. मग उडताना तो जोड हलत राहतो आणि काही तासांनी रिव्हेटभोवती काळी पूड दिसायला लागते. इलाज असा, की भोक गोल करून पुढच्या मापाचा रिव्हेट टाकायचा. ३/३२ च्या जागी १/८. पण आधी कडेचं अंतर नव्या मापानं मोजायचं! पंखाचा वरचा पत्रा सपाट ठेवायचा असेल तर जाड दांड्याचा पण छोट्या डोक्याचा रिव्हेटही मिळतो. अमेरिकेतल्या घरबांधणीवाल्यांनी त्याला नाव ठेवलंय 'ऊप्स रिव्हेट'. म्हणजे बघा, ही चूक इतक्या जणांच्या हातून होते की तिच्या औषधालाच नाव पडलंय.

दुसरी चूक, भोक भलत्याच जागी पडलं, पण आजूबाजूला अंतर भरपूर आहे. मग कित्येकदा त्याच्या बर काढून, कडा साफ करून तिथे एक रिव्हेट भरला की काम होतं. कुठे आतून जोडपट्टी द्यावी लागते. हे आपल्या मनानं ठरवायचं नसतं. फोटो काढा, मापं लिहा आणि किट बनवणाऱ्याला विचारा. त्या लोकांना असे प्रश्न रोज येतात.

तिसरी चूक माझी. भोक कडेला आणि भाग भार घेणारा. पंखातला मुख्य आडवा दांडा, ज्याला स्पार म्हणतात, किंवा असे ब्रॅकेट. इथे बहुतेक वेळा एकच उत्तर असतं, तुकडा बाद करा.

आणि दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. भोक वेल्डिंगनं भरायचं नाही आणि पुट्टीनं बुजवायचं नाही. २०२४ नावाचं जे ॲल्युमिनियम यात वापरतात, त्यात तांबं मिसळलेलं असतं आणि त्याची ताकद उष्णतेच्या खास प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की तेवढ्या भागातली ताकद जाते. वरून छान दिसतं, आतून मऊ पडतं.

आता परत त्या संध्याकाळकडे. मी काय केलं? ब्रॅकेट ट्रेमध्ये इतरांच्या खाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी रिव्हेट बसला, वरून हिरवा प्रायमर लागला की कोणाला दिसणार होतं? खोलीवर आलो, पण जेवण जाईना. बाबांना फोन केला. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्या ट्रॉलीचा हूक आठवते काय तुले?"

आठवत होता. मी सातवीत होतो. सोयाबीनचा सीझन, दुकानात रांग. बाबांनी एका ट्रॉलीच्या तडकलेल्या हुकावर घाईत वेल्डिंग मारलं, रंग लावला आणि दिलं. मालाने भरलेली ट्रॉली चढावर सुटली आणि मागे जाऊन बांधावर आदळली. मागे कोणी नव्हतं म्हणून बरं. बाबा म्हणाले, "म्या त्याले सांगतलं होतं, पक्का हाये म्हणून. अजून त्याच्या घरावरून गेलो का मान खाली जाते. तू सकाळीच सांगून टाक साहेबाले."

सकाळी सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. पट्टी घेतली, मोजलं, लाल टॅग लावला आणि माझ्याच हातानं नोंद करायला लावली: काय चुकलं, किती, कोणाकडून. त्या तुकड्याची किंमत माझ्या महिन्याच्या स्टायपेंडपेक्षा जास्त होती. नंतर त्यांनी मला जपानचा किस्सा सांगितला.

१९७८ मध्ये ओसाकाला उतरताना एका बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली. मागच्या बाजूची दाब पेलणारी भिंत दुरुस्त करावी लागली. ठरलं होतं की एक सलग जोडपट्टी टाकून भार रिव्हेटच्या दोन ओळींवर घ्यायचा. प्रत्यक्षात ती पट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली आणि एका जागी सगळा भार एकाच ओळीवर आला. विमान सात वर्षं उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फुटली. ५२० माणसं गेली, चार वाचली. ही दुरुस्तीच होती मंडळी, कागदावर बरोबर असलेली.

कारखान्यात मला अडवायला साहेब होते. घरी विमान बांधणाऱ्याला कोण? कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण घ्या. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. तेही किटमधून नाही, स्वतःच्या आराखड्यावर. नाव टीएसी-००३. त्यातल्या ००३ चा अर्थ लक्षात घ्या, हा तिसरा प्रयत्न होता. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण. गच्चीवर रात्री अकरा वाजता भोक चुकलं तर बघणारं कोण असणार? बांधणाराच.

म्हणून कारंज्याच्या मित्रा, तुझं उत्तर: नाही, एका भोकासाठी विमान फेकत नाहीत. ते मोजतात, वहीत लिहितात, विचारतात आणि मग ठरवतात. रिव्हेट, जोडपट्टी की नवा तुकडा, हे त्यानंतर. वहीत लिहिण्याची पायरी गाळली की बाकीच्या पायऱ्या कोणी नीट करत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

तो बाद ब्रॅकेट मिळावा म्हणून मी साहेबांना विचारलं होतं. मिळाला नाही. बाद माल ते कापूनच टाकतात, चुकून परत कोणी वापरू नये म्हणून. पण आता दुकानात बाबा आणि मी एक वही ठेवलीय. कोणाचा हूक, कुठे तडा, काय केलं, सगळं त्यात लिहितो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

तुमच्या हातून असं काही झालंय का? दुकानात, शेतात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. नाव नाही सांगितलं तरी चालेल. भेटू, काळजी घ्या.