पगार, व्याज आणि सरासरी : तीन श्रेढींचा हिशेब



वसंतातल्या व्याख्यानांना साहित्य शोभते, इतिहास शोभतो, अध्यात्मही शोभते. बीजगणित मात्र शोभत नाही, अशी एक समजूत आहे. त्यातून ते बीजगणित कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावयाचे म्हणजे आंब्याच्या आढीत कारले ठेवल्यासारखेच झाले! आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि गोदामांत, जिनिंगच्या आवारांत व वाटाघाटींच्या टेबलांवर पुष्कळ झाले. गणित आम्ही परीक्षेसाठी शिकलो नाही. समोरचा माणूस आकडे टाकी, आणि ते खरे की फसवे हे त्याच बैठकीत ठरवावे लागे, म्हणून शिकलो. त्या शिक्षणातला एकच धडा आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. तो धडा श्रेढींचा.

श्रेढी म्हणजे नियमाने चालणारी आकड्यांची रांग. शाळेत तिचे तीन प्रकार सांगतात : अंकगणिती, भूमिती आणि हरात्मक. नावे जड आहेत, पण वस्तू ओळखीच्या आहेत.

पहिली पाहावयाची तर खामगावच्या एखाद्या गोदामात जावे. तेथे पोत्यांची थप्पी लावतात. तळाच्या थरात १५ पोती, त्यावर १४, त्यावर १३, असे करीत दहाव्या थरात ६. पोती किती? एकेक मोजण्याचे कारण नाही. तशीच दुसरी थप्पी उलटी करून शेजारी मांडली आहे, असे मनात आणावे. मग प्रत्येक थरात १५ आणि ६ मिळून २१ पोती होतात, थर १०, एकूण २१०. आपली थप्पी त्याच्या निम्मी, म्हणजे १०५. पहिले पद आणि शेवटचे पद मिळवा, पदांच्या संख्येने गुणा आणि निम्मे करा. अंकगणिती श्रेढीच्या बेरजेचे सारे शास्त्र एवढेच आहे. दर पायरीला सारखीच भर किंवा सारखीच घट, ही तिची खूण.

हे शास्त्र काही विलायतेहून आलेले नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात ही बेरीज दिली आहे. आणि भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त तर ‘श्रेढीव्यवहार’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. पहिल्या पदाला ते ‘आदि’ म्हणतात, वाढीला ‘चय’, पदांच्या संख्येला ‘गच्छ’ आणि बेरजेला ‘सर्वधन’. त्यांचे एक उदाहरण असे : एका दात्याने पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान दिले आणि रोज ५ द्रम्म वाढवीत गेला, पंधरवड्यात किती दिले? पंधराव्या दिवशी ७४ होतात. ४ आणि ७४ मिळून ७८, निम्मे ३९, त्याला १५ ने गुणले की ५८५. गोदामातली थप्पी आणि हे दान यांचा हिशेब एकच.

भास्कराचार्यांची आठवण आपल्या जिल्ह्याला फार दूरची नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. तेथल्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी काढलेल्या मठाची हकीकत आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मठासाठी बाजारातून व तेलाच्या घाण्यांकडून काय द्यावे, ते त्यात नेमून दिले आहे. म्हणजे गणिताच्या त्या पाठशाळेला घाण्यावर राबणाऱ्यांच्या तेलाचाही आधार होता. तेव्हा आज कष्टकऱ्याने गणित मागितले तर ते उसने मागणे नव्हे. जुने येणे वसूल करणे होय!

आता दुसरी श्रेढी, भूमिती. हिच्यात भर पडत नाही, गुणाकार होतो. ‘लीलावती’तच उदाहरण आहे : एकाने पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊ केल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, महिन्यात किती होतील? ऐकणाऱ्याला वाटते, कवड्याच त्या, होऊन होऊन किती होणार? तीस दिवसांच्या मिळून २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात. त्या वेळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्कांहून अधिक! पहिल्या दहा दिवसांत मिळून दोन हजार शेहेचाळीसच कवड्या जातात. दात्याच्या ध्यानीमनीही काही येत नाही. या श्रेढीचा स्वभावच असा, की ती आरंभी गरीब गाईसारखी दिसते.

सावकाराच्या वहीतली श्रेढी हीच. एक हजार रुपये, महिना शेकडा तीन. सरळ व्याज असेल तर दरमहा तीस रुपयांची भर. पाच वर्षांनी एकूण देणे २,८००. ही अंकगणिती श्रेढी झाली. पण न दिलेले व्याज दर महिन्याला मुदलात मिळविले, तर तेच देणे पाच वर्षांनी सुमारे ५,८९२ होते. दर तोच, मुद्दल तेच, माणूस तोच. फक्त श्रेढी बदलली. कर्ज घेताना शेतकरी दर विचारतो. श्रेढी कोणती, हे विचारीत नाही. आपल्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्राने घातला, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला. भूमिती श्रेढीला घातलेले हे दावेच म्हणावयाचे.

तिसरी श्रेढी हरात्मक. शाळेत ही घाईघाईने शिकवितात आणि मुले तितक्याच घाईने विसरतात. हर म्हणजे अपूर्णांकाचा छेद. ज्या संख्या उलट्या केल्या असता अंकगणिती श्रेढी होते, त्यांची श्रेढी हरात्मक : एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश. तंबोऱ्याची तार निम्म्या लांबीवर दाबून छेडली तर वरचा षड्ज मिळतो, तिसऱ्या हिश्शावर त्याच्याही वरचा पंचम. पण ज्यांना गाणे ऐकावयास सवड नाही त्यांनी बाजार पाहावा. साठ रुपये घेऊन बाईमाणूस बाजारात जाते. डाळीचा भाव किलोला ६० असेल तर एक किलो येते, ३० असेल तर दोन, २० असेल तर तीन. पिशवीतले वजन अंकगणिती श्रेढीने वाढते, तेव्हा भाव हरात्मक श्रेढीने उतरलेले असतात.

या श्रेढीवरून जी सरासरी निघते, ती ओळखणे फार जरूर आहे. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्यास येणारी गाडी समजा चढताना ताशी ३० किलोमीटरने आली आणि परत जाताना ताशी ६० ने गेली. तिचा सरासरी वेग किती? बहुतेक लोक ४५ म्हणतील. तो ४० आहे. अंतर कितीही धरा. ६० किलोमीटर धरले तर येण्यास दोन तास, जाण्यास एक. १२० किलोमीटरला तीन तास. हळू चालीत वेळ अधिक जातो, म्हणून हळू चालीचे वजन सरासरीत अधिक पडते.

हे केवळ कोडे नव्हे. एका ठेकेदाराशी आमची बोलणी चालली होती. नाव सांगण्याचे कारण नाही. हमालांच्या टोळीला मजुरी तासावर, पण तास घड्याळावर न मोजता पोत्यांवरून काढावयाचे, असा त्यांचा आग्रह. सकाळी गारव्यात टोळी तासाला ४० पोती चढवी, दुपारी उन्हात २०. ठेकेदार म्हणाले, ‘सरासरी ३०. दिवसाची पोती २४०. तेव्हा आठ तास.’ बोलणे कसे रास्त वाटते! पण १२० पोती सकाळी, ४० च्या चालीने, म्हणजे ३ तास. १२० दुपारी, २० च्या चालीने, म्हणजे ६ तास. एकूण ९. खरी सरासरी ३० नव्हे, २६ आणि दोन तृतीयांश. रोज प्रत्येक माणसाचा एक तास त्या ‘सरासरी’ शब्दात गडप होत होता. तोही भर दुपारचा!

वेळ सारखा असेल तर साधी सरासरी खरी. काम सारखे असेल तर हरात्मक खरी. दोन निरनिराळ्या संख्यांत अंकगणिती मध्य नेहमी सर्वांत मोठा, भूमिती मध्य त्याहून लहान आणि हरात्मक सर्वांत लहान असतो. २० आणि ४० चे हे तीन मध्य ३०, सुमारे २८.२८ आणि २६.६७. तिन्ही बरोबर आहेत. प्रश्न असतो तो कोणता कोठे लागू, एवढाच. आणि ज्याच्या हातात पेन्सिल असते, तो स्वतःला सोईचा मध्य निवडतो.

आता या तिन्ही श्रेढी एकाच पाकिटात पाहू. पगार दहा हजार. दर वर्षी पाचशेची वाढ. पगार चालला अंकगणिती श्रेढीने : १०,०००, १०,५००, ११,०००. भाव समजा वर्षाला शेकडा पाच चढतात. आज दहा हजारांत होणारा खर्च चालला भूमिती श्रेढीने. पहिल्या वर्षाअखेर दोन्ही बाजू १०,५००. दुसऱ्या वर्षी पगार ११,०००, खर्च ११,०२५. पंचवीस रुपयांचा फरक, कोण भांडणार? दहाव्या वर्षी पगार १५,०००, खर्च सुमारे १६,२८९. विसाव्या वर्षी पगार दुप्पट, २०,०००. खर्च सुमारे २६,५३३. कागदावर पगार वाढला आणि घरात चूल मंदावली!

आणि तिसरी श्रेढी कोठे आहे? ती वाढीच्या प्रमाणात लपली आहे. पहिली वाढ पगाराच्या एक विसांश. दुसरी एक एकविसांश. तिसरी एक बाविसांश. एकविसावी एक चाळिसांश. ही शुद्ध हरात्मक श्रेढी. पाचशे रुपये दर वर्षी पाचशेच दिसतात, पण त्यांचा कस शेकडा पाचावरून अडीचावर आलेला असतो.

सरकारी नोकरांच्या वेतनश्रेणींत हा फेरबदल घडलेला आहे. केंद्राच्या पाचव्या वेतन आयोगातली सर्वांत खालची श्रेणी २५५०-५५-२६६०-६०-३२०० अशी लिहीत. वाढ रुपयांत ठरलेली. सहाव्या आयोगाने १ जानेवारी २००६ पासून वार्षिक वाढ शेकडा तीन केली. सातव्याच्या तक्त्यात सर्वांत खालच्या पातळीवर १८,०००, १८,५००, १९,१००, १९,७०० अशा पायऱ्या आहेत. शंभरांत बसविलेली ती भूमिती श्रेढीच होय.

मग सर्वत्र शेकडेवारीच मागावी काय? येथे आमच्या चळवळीतही दोन मते आहेत, आणि ती प्रामाणिक आहेत. शेकडा पाच म्हणजे दहा हजारवाल्याला पाचशे आणि लाखवाल्याला पाच हजार. दोघांमधले अंतर आज नव्वद हजार आहे. वीस वर्षांत ते दोन लाख अडतीस हजारांवर जाते. भूमिती श्रेढी वरच्याला अधिक वर नेते. रुपयांतली सारखी वाढ खालच्या माणसाला आज अधिक देते, पण पुढे त्याला महागाईच्या तोंडी देते. आमचे मत असे : महागाईची भरपाई शेकड्याने, निर्देशांकाला बांधलेली असावी, कारण रोग भूमिती श्रेढीचा असेल तर औषधही त्याच श्रेढीचे हवे. वर्षाची वाढ मात्र तळाच्या माणसाला निदान अमुक रुपये, अशी बांधून घ्यावी. हे मत कोणास पटणार नाही. त्याने आपले आकडे मांडावेत. आकड्यांनी झालेले भांडण लवकर मिटते.

घाटावरच्या आणि घाटाखालच्या सर्व तालुक्यांतल्या शाळांत दहावीची मुले अंकगणिती श्रेढी शिकतात. आपल्या घरात असे मूल असेल, तर सोसायटीच्या कर्जाचा कागद, बापाची पगारचिठ्ठी किंवा आईच्या बचतगटाची वही त्याच्यापुढे ठेवावी आणि एवढेच विचारावे : ‘बाळ, यातली श्रेढी कोणती?’ उत्तर काढताना त्याला गणित येईल. आणि ते ऐकताना आपल्याला पुढच्या खेपेस सही कोठे करावयाची नाही, ते समजेल.